अकरा वर्षांचा गुन्हा क्वॉश (रद्द) झाला : वकिलांच्या ऑफिसला पाचपैकी साडेतीन

माझी शाळेची व्हॅन आहे. दोन फेऱ्या, एक सकाळची, एक दुपारची. गेल्या जूनमध्ये शाळेने सगळ्या ड्रायव्हरांकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. ऑनलाइन अर्ज केला, ठाण्यातून गोपनीय शाखेच्या अंमलदारांचा फोन आला, आधार आणि फोटो घेऊन गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि मान वर न करता विचारलं, "गणपतीतलं का हे?"

गणपतीतलंच होतं. ८ सप्टेंबर २०१४, अनंत चतुर्दशी. दोन मंडळांचे ट्रॅक्टर बोळाच्या तोंडाशी समोरासमोर आले, आधी कोण जाणार यावरून जुंपली, आणि पलीकडच्या मंडळाच्या तात्यांच्या डोक्याला तीन टाके पडले. आमच्या अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला. भादंविची, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची, कलमं १४३, १४७, १४९ (बेकायदा जमाव, दंगा), ३२४, ३२३ (हत्याराने आणि साधी मारहाण), ५०४, ५०६ (शिवीगाळ, धमकी). मी तेव्हा बावीसचा होतो. टाके माझ्या हातून पडले नाहीत, पण मी काय लांब उभा राहून आरती म्हणत नव्हतो. दोषारोपपत्र गेलं, आणि मग नुसत्या तारखा. अकरा वर्षांत एकही साक्षीदार तपासला गेला नाही. दाखला आला त्यावर ओळ होती, "सदर गुन्हा न्यायप्रविष्ट आहे." मुख्याध्यापिकाबाईंनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघा काय होतंय."

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं, थांबा, सरकार अशा केसेस मागे घेतंय. घेतं, खरं आहे. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे निर्णय निघतात, कोरोनातले १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, गुन्हेही मागे घ्यायचं ठरलं होतं. पण त्यातसुद्धा सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. अध्यक्ष सात वर्षं थांबलेत. त्यांना व्हॅन चालवायची नाही.

पहिला फटका मी मोबाइलवरच्या जाहिरातीला खाल्ला. "तीस दिवसांत क्रिमिनल रेकॉर्ड क्लीन." सल्ला फी ४,९९९, आधी भरा. फोनवरचा मुलगा गोड बोलायचा. म्हणाला, सर, दोन मार्ग आहेत, एक रेकॉर्ड पुसून घ्यायचा, दुसरा राज्यपालांकडून माफी. मला तेव्हा काय कळतंय? पैसे भरले. पंधरा दिवसांनी एक पीडीएफ आली, तिच्यात अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याचे नियम होते. त्यानंतर फोन कायम बिझी. पाचपैकी शून्य, आणि शून्याच्या खाली देता येत असेल तर तेही.

मग मेव्हण्याच्या ओळखीने कोल्हापूरच्या एका वकिलांच्या ऑफिसात गेलो. हा रिव्ह्यू त्यांचा आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि माणसं वाईट नाहीत.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कारकून, झेरॉक्स मशीन आणि छतापर्यंत लाल फितीच्या फायली. आतल्या खोलीत वकीलसाहेब, साठीच्या आसपास, आणि त्यांच्या ज्युनिअर मॅडम. मी राज्यपालांच्या माफीचं काढलं तर साहेब हसले नाहीत, ही गोष्ट मला आवडली. म्हणाले, "राज्यपालांचा अधिकार घटनेच्या १६१ कलमाचा, राष्ट्रपतींचा ७२ चा. तो शिक्षा झालेल्यांसाठी. तुम्हाला शिक्षा झालीय का? मग माफी कसली मागताय?" आणि रेकॉर्ड पुसण्याचं? सज्ञान माणसाच्या रेकॉर्डवर रबर फिरवणारा कायदा आपल्याकडे नाही, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. जे मिळू शकतं ते हायकोर्टाकडून, गुन्हा आणि त्यावरचा खटला रद्द. कोर्टात सगळे त्याला क्वॉशिंगच म्हणतात.

खालच्या कोर्टात आपसात मिटवता येईल का, हे मी विचारलं. ३२३ आणि ५०४ मध्ये तडजोड चालते, पण बेकायदा जमाव आणि दंग्याची कलमं तडजोडीची नाहीत, आणि ३२४ सुद्धा २००९ च्या शेवटापासून त्या यादीतून बाहेर आहे. म्हणून हायकोर्ट. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्यान सिंग खटल्यात सांगितलंय की खून-बलात्कारासारखे गंभीर गुन्हे सोडून, भांडण खाजगी स्वरूपाचं असेल आणि दोन्हीकडचं मिटलं असेल, तर तडजोड न होणारी कलमंसुद्धा हायकोर्ट आपल्या अधिकारात रद्द करू शकतं. गुन्हा जुन्या भादंविचा, पण अर्ज नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, ५२८ कलमाखाली, कारण १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ च्या जागी ते आलं. हे मॅडमनी कागदावर दोन रकाने पाडून दाखवलं, तो कागद अजून माझ्या व्हॅनच्या डॅशबोर्डात आहे.

शेजारच्या गल्लीतल्या एका हुशार माणसाने स्वस्तातला उपाय सुचवला होता, साक्षीदार फितूर करा आणि सुटा. साहेबांना सांगितलं तर त्यांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "हे बोलायचं असेल तर बाहेर कॅन्टीन आहे."

आता तात्यांचं. फिर्यादी ते, त्यामुळे त्यांच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि त्यांच्या जखमी पुतण्याचंही. साहेब नुसत्या फिर्यादीवर तयार नव्हते, जखमी जितके तितकी प्रतिज्ञापत्रं. तात्यांशी बोलणं तोडून अकरा वर्षं झाली होती. डेअरीवर सकाळी दूध घालायला येतात तिथे गाठलं. किटली खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या व्हॅनीत आमची नात बसते, म्हायतंय का तुला?" मला माहीत नव्हतं. नाव वेगळं, जावयाचं आडनाव.

नोटरीपुढे मात्र तात्या अडले. मॅडमनी मसुदा वाचून दाखवला. नेहमीचाच असणार, "गैरसमजातून फिर्याद दिली होती" वगैरे. तात्यांनी चष्मा काढला. "बाई, गैरसमज न्हवता. डोस्कं फुटलं हुतं." खोलीत कोणी काही बोलेना. दुसऱ्या एखाद्या ऑफिसात म्हणाले असते, अहो आजोबा, करा सही, फॉरमॅट आहे. मॅडमनी ओळ खोडली आणि तिथल्या तिथे नवी टाइप केली, "घटना घडली होती. आता उभयतांत वैर राहिलेले नाही व फिर्याद पुढे चालवण्याची माझी इच्छा नाही." तात्यांनी दोनदा वाचून घेतलं, मग सावकाश पूर्ण नावाची सही केली, वडिलांच्या नावासकट. साडेतीनातले दोन तारे या एका ओळीचे आहेत.

पूर्वी या कामाला मुंबई गाठावी लागायची. रात्रीची गाडी, लॉज, आणि मॅटर बोर्डावर येऊन पुकाराच झाला नाही की पुन्हा तेच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे तिथे. आमच्याकडच्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते लहानपणापासून पेपरात बघत आलोय, कोर्ट बंद म्हणून आमचीच तारीख तीनदा पुढे गेलीय. पण आता डबा बांधून निघालो आणि संध्याकाळच्या चहाला घरी. तात्या आमच्याच गाडीतून आले, पुढच्या सीटवर.

कोर्टात दोन-तीन मिनिटांचं काम. दोन न्यायमूर्ती. सरकारी वकिलांनी तात्यांची ओळख पटवली, आधार बघितलं, तात्यांना मराठीत विचारलं, कोणाच्या दबावाखाली नाही ना? तात्या म्हणाले, "न्हाई, माझ्याच मर्जीनं." आमच्या आठ जणांना प्रत्येकी पाच हजार रुपये जमा करायला सांगितले, ते भरल्याची पावती दिल्यावर गुन्हा रद्द. अकरातले आठच का? एक जण वारला. एक मस्कतला आहे, त्याला तिथून वकीलपत्र पाठवायला सांगून सांगून थकलो. त्याच्यापुरता खटला अजून जिवंत आहे आणि तो म्हणतो माझं कोण काय वाकडं करतंय. पासपोर्ट रिन्यू करायला आला की कळेल, कोर्टात खटला चालू असताना कोर्टाची परवानगी लागते.

अकरावा तेव्हा सोळाचा होता. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं आणि केव्हाच संपलं. खरंखुरं पुसणं फक्त त्याच्या वाट्याला आलं. अल्पवयीन मुलाला दोषी धरलं तरी त्याची पुढे अपात्रता होत नाही आणि ठरावीक काळाने रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, अतिगंभीर गुन्ह्यातले अपवाद सोडून. तो आज बँकेत आहे. आम्ही बाकीचे सहा-आठ वर्षांनी मोठे होतो एवढाच फरक, पण कायद्याच्या लेखी तोच सगळा.

आता तक्रार. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी घेऊन मी उड्या मारत ठाण्यात गेलो. गोपनीयच्या अंमलदारांनी ती रजिस्टरशी ताडली आणि बोट ठेवलं. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) बरोबर, वर्ष २०१५. आमचा गुन्हा २०१४ चा. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "हा रद्द झालेला गुन्हा माझ्याकडचा नाही." चूक कोर्टाची नाही, आमच्या ऑफिसच्या कारकुनाने अर्जातच एका ठिकाणी २०१५ टाइप केलं होतं आणि तेच पुढे ऑर्डरमध्ये उतरलं. मग "स्पीकिंग टू द मिनिट्स" नावाचा प्रकार करावा लागला, म्हणजे ऑर्डरमधली टंकनाची चूक त्याच न्यायमूर्तींपुढे जाऊन दुरुस्त करून घ्यायची. तीन आठवडे गेले, माझ्या दोन फेऱ्या बुडाल्या, दिवाळी तर केव्हाच होऊन गेली होती. ऑफिसने त्याचे पैसे घेतले नाहीत, पण कोणी "चुकलं आमचं" असंही म्हटलं नाही. कारकून म्हणाला, "होतं असं कधी कधी." दीड तारा तिथेच कापला.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती ती अशी की ऑर्डर आपोआप खाली उतरत नाही. हायकोर्टाचा कागद आपणच तालुक्याच्या कोर्टात पुरसिस (लेखी निवेदन) देऊन दाखल करायचा, तोवर ई-कोर्टच्या साइटवर केस चालूच दिसते. मग ठाण्यात एक प्रत, पोलीस अधीक्षक कार्यालयात एक प्रत, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची. पोच घ्या, हे मी मुद्दाम लिहितोय, माझी पहिली प्रत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना गायब झाली. मला हे सगळं मॅडमनी फोनवर सांगितलं, तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर. फी ठरवतानाच सांगितलं असतं तर डिसेंबर वाचला असता.

फीचं म्हणाल तर आठ जणांत मिळून साठ हजार, म्हणजे माणशी साडेसात. नोटरी, झेरॉक्स, कोर्टाने भरायला सांगितलेले पाच हजार वेगळे. पावती मागितली, मिळाली. मला हे जास्त वाटलं नाही.

दाखला नवीन आला. त्यावर न्यायप्रविष्टची ओळ नाही. पण ठाण्याच्या रजिस्टरात २०१४ च्या पानावर आमची नावं आहेत तशीच आहेत, समोर लाल शाईत हायकोर्टाच्या आदेशाचा नंबर आणि तारीख. अंमलदारांनी पान फिरवून दाखवलं. त्या दिवशीची आमच्या गावच्या बातम्यांच्या साइटवरची बातमीही नावांसकट आहे, तिचं काय करता येईल विचारलं तर साहेब म्हणाले ते वेगळं काम, वेगळा अर्ज, आणि निकाल कुठल्या बाजूला जाईल याची हमी नाही. ते सोडून दिलं.

निघताना साहेबांनी एक सांगितलं होतं. फॉर्ममध्ये "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का" असं विचारलं असेल तर "होय" लिहायचं आणि ऑर्डर जोडायची. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात नोकरीच्या बाबतीत हेच धरलंय, माहिती खरी द्या, क्षुल्लक प्रकरण असेल तर मालक सोडून देऊ शकतो, पण लपवलंत तर लपवणं हेच कारण होऊन बसतं. शाळेच्या फॉर्मवर मी "होय" लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ऑर्डरची चारही पानं वाचली आणि विचारलं, "हे तात्या म्हणजे आपल्या पहिलीतल्या मुलीचे आजोबा ना?"

या ऑफिसात जाणार असाल तर सकाळी अकराच्या आधी जा, नंतर सगळे कोर्टात असतात आणि फोन उचलत नाहीत. आणि गु.र.नं. वर्षासकट स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहून न्या, अर्ज दाखल होण्याआधी कारकुनाला तो मोठ्याने वाचायला लावा. राग येतो त्याला. येऊ द्या.