लॅपटॉपवर नोटेशन : सिबेलियस की म्यूझस्कोर?

२०२४च्या ऑगस्टमध्ये फिनाले हे स्टाफ नोटेशन लिहिण्याचे सॉफ्टवेअर बंद होत असल्याचे जाहीर झाल्यापासून मडगाव-फोंड्याकडचे व्हायोलिन शिक्षक आणि कॉयरसाठी पार्ट (प्रत्येक आवाजाची वेगळी ओळ) उतरवून देणारे सहकारी मला विचारत असतात, की आता त्याच कामाचे सिबेलियस घ्यावे की म्यूझस्कोर. मी दोन्ही वापरली आहेत. छपाई, ध्वनी आणि किंमत यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. रोज पाने उतरवणाऱ्याचा वेळ मात्र कळफलकावर वाचतो किंवा जातो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

सिबेलियसची मूळ मांडणी मला आजही अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. नोटेचे मूल्य, म्हणजे तिची लांबी, उजवीकडच्या न्यूमरिक कीपॅडवर असते (अर्ध्या मात्रेची क्वेव्हर ३, एका मात्रेची क्रॉचेट ४, दोन मात्रांची मिनिम ५), स्वरांची अक्षरे डाव्या हाताशी राहतात, आणि वरच्या ओळीतले आकडे मोकळे असल्यामुळे तिथे स्वरांतरे (निवडलेल्या स्वराला ठरावीक अंतरावरचा दुसरा स्वर जोडणे) बसवलेली आहेत. मांडो, म्हणजे गोव्याचे पारंपरिक कोंकणी गीत, उतरवताना याचे मोल कळते. त्याचा दुसरा आवाज पुष्कळदा मुख्य चालीच्या तिसऱ्या स्वराने खालून जातो. सगळी ओळ निवडून शिफ्ट आणि ३ दाबले, की तो एकदम लिहून होतो, आणि जिथे तो सहाव्यावर जातो तेवढ्याच जागा हाताने सुधारायच्या राहतात.

हे सारे कीपॅड असेल तर. माझ्या लहान लॅपटॉपला तो नाही, आणि सरावात एखादी ओळ गायकांना उंच पडते असे दिसले, की दुरुस्ती तिथेच, लॅपटॉप मांडीवर घेऊन करावी लागते. सिबेलियसमध्ये लॅपटॉपसाठी पर्यायी मांडणी आहे. पण ती घेतली की वरचे आकडे कीपॅडचे काम करू लागतात आणि स्वरांतरांना जागा बदलावी लागते. घरी एक सवय, बाहेर दुसरी, आणि नेमक्या घाईत बोट जुन्या जागी पडते. यूएसबी कीपॅड सोबत नेऊन पाहिला, पण चर्चच्या बाकावर बसून काम करताना तो ठेवावा कुठे, हा प्रश्न उरतोच.

म्यूझस्कोरमध्ये हा दुहेरीपणा नाही. एन दाबून लेखन सुरू करावे. क्वेव्हर ४, क्रॉचेट ५, मिनिम ६, दोन नोटा जोडणाऱ्या टायसाठी टी, आणि ६/४ तालातल्या मांडोत पदोपदी लागणारा, नोट दीडपट लांब करणारा डॉट पूर्णविरामाच्या कळीवर. लॅपटॉप असो वा मोठा कळफलक, जागा त्याच. वरचे तिसरे स्वरांतर ऑल्ट आणि ३ ने मिळते; खालच्यासाठी मी पसंतीचा शॉर्टकट स्वतः नेमून घेतला. सिबेलियसवरून येणाऱ्याला प्रत्येक मूल्याचा आकडा एकाने पुढे सरकलेला आढळेल आणि सुरुवातीला त्याचा त्रास होईल, हे मान्य केले पाहिजे. शब्दांसाठी कंट्रोल आणि एल, पुनरावृत्तीसाठी आर, हे मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

ज्याचे सगळे काम घरच्या टेबलावर, पूर्ण कळफलकासमोर होते आणि ज्याची बोटे सिबेलियसला सरावली आहेत, त्याने ते सोडावे असे मी म्हणणार नाही. लॅपटॉप घेऊन सरावाला जाणाऱ्याने मात्र पैसे भरण्यापूर्वी म्यूझस्कोरमध्ये एक मांडो दोन्ही आवाज आणि शब्दांसह, माऊसला हात न लावता, उतरवून पाहावा.