बायोस अपडेटच्या नावाखाली साडेतीन हजार गेले

नागपूरचा मे महिना, त्यात तीन वर्षं जुना गेमिंग लॅपटॉप. गेम सुरू केला की पाच मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर जायचा, की-बोर्डला हात लाववत नसे. दुरुस्तीवाल्याने काउंटरवर स्क्रीन माझ्याकडे वळवली. "दादा, बायोस बघा किती जुना आहे! तो अपडेट केल्याशिवाय पंखा नीट फिरणार नाही. सफाई, नवीन पेस्ट सगळं धरून साडेतीन हजार." बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, आणि पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला त्यावर लावतात ती. मी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

दोन दिवसांनी त्याने गेम लावून दाखवला तर तापमान ७२! मी खूश होऊन लगेच यूपीआय केलं. बिल मागितलं नाही, हे चुकलंच.

घरी पुतण्या खेळायला बसला आणि म्हणाला, "काका, गेम अडकतोय." टास्क मॅनेजर उघडलं. माझा आय५-१०३००एच ४.५ गीगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर, पण तो २.५ च्या वर सरकतच नव्हता. शोधता शोधता विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये सापडलं: 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ टक्के केलेलं. एवढ्याने टर्बो बूस्ट, म्हणजे गरज पडली की प्रोसेसरचा वेग वाढवणारी सोय, बंद पडतो. मशीन थंड राहतं, कारण ते पूर्ण ताकदीने चालतच नाही. दहा सेकंदांचं काम!

मग सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोसची तारीख बघितली. फोटोतलीच, जशीच्या तशी. मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) मध्ये धुळीचा गोधडीसारखा थर, पेस्ट वाळून खडू झालेली. माझ्या लॅपटॉपचे स्क्रूसुद्धा कोणी काढले नव्हते.

बायोस अपडेट कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकल्यावर फुकट मिळालं. चार्जर लावून ठेवला आणि काम पूर्ण होईपर्यंत मशीनला हात लावला नाही, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पण खरा फरक पडला तो धूळ काढून नवीन पेस्ट लावल्यावर. आता टर्बो चालू ठेवून ८४-८५ अंश.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "थंड झाला ना? मग?" ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, यूपीआयची नोंद आणि तो फोटो देऊन तक्रार केली आहे. मी दुकानात होतो तेव्हा एक कॉलेजातली मुलगी लॅपटॉप घेऊन आली, आणि त्याने तिच्याकडेही स्क्रीन वळवली. बाहेर आल्यावर मी तिला थांबवून सगळं सांगितलं. ती परत आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली.