घरी केलेल्या मिडी कंट्रोलरसाठी टच पॅड घ्यावेत की पिएझो?

मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना स्वरांचे संदेश पाठवण्याची पद्धत. बाजारातील तयार मिडी पॅडवर बहुधा चार ओळींत चार अशी सोळा चौकोनी घरे असतात. १९८८ मध्ये आलेल्या अकाई एमपीसी६० या यंत्रामुळे रूढ झालेली ही मांडणी बोटांनी ड्रमसंच वाजवणाऱ्याला अत्यंत सोयीची आहे. आपल्याकडच्या गोंधळात वाजणारे संबळ मात्र दोन काठ्यांनी वाजते, त्यातल्या एका काठीचे टोक वळवलेले असते, आणि ढोलकीवर एका हाताची बोटे थाप देत असताना दुसरा हात घुमारा काढत असतो. ही हाताची सवय न मोडता संगणकातील किंवा मोबाइलमधील आवाज वाजवायचे असतील, तर कंट्रोलर घरीच करणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. त्यासाठी सहज मिळणारे चार प्रकारचे सेन्सर मी परभणीत बराच काळ वापरले असून, विकत घेण्यापूर्वी त्यांच्याविषयी काय माहीत असावे ते येथे मांडत आहे.

पहिला सेन्सर एमपीआर१२१ या चिपचा टच बोर्ड. मूळची फ्रीस्केलची, पुढे एनएक्सपीकडे गेलेली ही चिप बारा स्पर्शपट्ट्या सांभाळते आणि दोन तारांच्या आयटूसी जोडणीने मायक्रोकंट्रोलरशी, म्हणजे कंट्रोलर चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपशी, बोलते. पत्ता बदलण्याची सोय असल्यामुळे एकाच जोडणीवर चार बोर्ड, म्हणजे अठ्ठेचाळीस पट्ट्या लावता येतात. बारा पट्ट्या म्हणजे एका सप्तकाचे बारा स्वर, आणि तांब्याची चिकटपट्टी कापून पेटीच्या पट्ट्यांसारखी मांडली की लेहरा, म्हणजे तालाची साथ करणारी आवर्ती धून, धरण्यासाठी किंवा भजनाची चाल बसवण्यासाठी फारच समाधानकारक साधन तयार होते. त्यात कोठेही स्प्रिंग किंवा बटण नसल्यामुळे झिजण्यासारखे काही नाही, आणि हा गुण मला मोलाचा वाटतो.

परंतु या चिपचा वेग तिच्या सेटिंगवर अवलंबून आहे, आणि बहुतेक विक्रेते त्याविषयी काहीही सांगत नाहीत. चिपची मूळ नोंद दर १६ मिलिसेकंदांनी एक नमुना घेण्याची आहे आणि निर्णयासाठी ती चार नमुने वापरते, म्हणजे स्पर्श कळेपर्यंत सुमारे ६४ मिलिसेकंद जातात. तोच कालावधी १ मिलिसेकंदावर आणला की विलंब सुमारे ४ मिलिसेकंदांवर येतो. हा फरक केवळ कागदावरचा नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते आणि चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार बोल वाजवताना, एका बोलाला जेमतेम ६२ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे मूळ सेटिंगवर केरवा वाजवला तर प्रत्येक बोल पुढच्या बोलाच्या जागेवर ऐकू येईल. म्हणून चिपसाठी जी लायब्ररी (तयार प्रोग्राम) वापरायची तिच्यात हा आकडा किती आहे ते आधी उघडून पाहावे. विजेच्या बाबतीतही सावध राहावे लागते. ही चिप ३.३ व्होल्टची असून काही बोर्डांवर व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर असतो, काहींवर नसतो, आणि रेग्युलेटर नसलेल्या बोर्डाला ५ व्होल्ट दिले तर चिप जळू शकते.

टीटीपी२२३ चे एकेरी टच मोड्यूल अगदी स्वस्त मिळते, पण त्याच्या माहितीपत्रकातच वेगवान स्थितीत सुमारे ६० आणि वीजबचतीच्या स्थितीत सुमारे २२० मिलिसेकंदांचा प्रतिसाद दिलेला आहे. तालासाठी ते घेऊच नये. मागच्या बाजूला जोडायचे दोन बिंदू असतात. त्यांपैकी ‘बी’ जोडला की एकदा स्पर्श केल्यावर चालू आणि पुन्हा स्पर्श केल्यावर बंद असे काम मिळते. लेहरा सुरू करणे, तानपुरा थांबवणे, आवाजांचा संच बदलणे यांसाठी ते उत्तम आहे. वीज दिल्यानंतर अर्धा सेकंद त्याला हात लावू नये, कारण त्या वेळात ते स्वतःची पातळी ठरवत असते.

या दोन्ही कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटाचा विद्युत परिणाम ओळखणाऱ्या, सेन्सरांना आपल्याकडील परिस्थिती सोपी जात नाही. त्यांचे सगळे गणित शरीर आणि जमीन यांच्यातील विद्युत नात्यावर उभे असल्यामुळे, लॅपटॉप बॅटरीवर असताना एक पातळी मिळते आणि दोन पिनांचा चार्जर लावला की दुसरी. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात तर पट्ट्या आपोआप वाजल्याचा भास होतो. भारनियमनात इन्व्हर्टरवर गेल्यावरही हेच घडू शकते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की बोटांचा घाम शेजारच्या पट्टीपर्यंत पसरतो आणि एका स्वराबरोबर दुसराही उमटतो. पट्ट्यांमध्ये पुरेसे अंतर, पट्टीपासून चिपपर्यंत कमीत कमी लांबीची तार आणि वरून पातळ ॲक्रिलिकचा किंवा लॅमिनेशनचा थर, एवढे केले की ही अडचण बरीच आटोक्यात येते. ध्वनिवर्धकाच्या तारांच्या गर्दीत, मंदिराच्या सभामंडपात वाजवायचे असेल तर मी तरीही कपॅसिटिव्ह पॅडवर विसंबणार नाही.

त्याहून मूलभूत प्रश्न जोराचा आहे. मिडीच्या प्रत्येक नोट ऑन संदेशात १ ते १२७ या पट्टीत व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताचा जोर, जाते आणि शून्य म्हणजे नोट बंद. एमपीआर१२१ ला बोट लागले हे कळते, किती जोराने लागले हे कळत नाही. बोटाचा टेकलेला भाग मोठा झाला की आकडा बदलतो, त्यावरून दाबाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पण हलका ‘ति’ आणि खणखणीत ‘ता’ यांतील फरक त्यावर सोपवता येत नाही.

बोटांनी वाजवायच्या वाद्यासाठी माझी पसंती निःसंशय एफएसआरला, म्हणजे दाबानुसार रोध बदलणाऱ्या सेन्सरला, आहे. इंटरलिंक कंपनीची ४०२ ही साधारण १८ मिलिमीटर व्यासाची चकती आणि ४०६ हा साधारण ४ सेंटिमीटरचा चौकोन हे तिचे परिचित आकार आहेत. दाब नसताना तिचा रोध १० मेगाओहमच्या वर असतो आणि बोट दाबत जावे तसा तो उतरत जातो. १० किलोओहमचा एक रेझिस्टर जोडून व्होल्टेज विभागले की आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला ० ते १०२३ असे वाचन मिळते. हा उतार सरळ रेषेत नसल्यामुळे आकड्यांचे कोष्टक करून तो व्हेलॉसिटीत बसवावा लागतो, आणि प्रत्येक चकती थोडी वेगळी असल्याने कोष्टकही चकतीगणिक जुळवावे लागते. या कष्टाचे फळ मात्र मोठे आहे. थाप पडून गेल्यावरही एफएसआर दाब सांगत राहते. तो दाब पिच बेंडला, म्हणजे स्वर वरखाली करणाऱ्या मिडी संदेशाला, जोडला, ज्याची पट्टी ० ते १६३८३ आणि मध्य ८१९२ आहे, की तळहात सरकवून काढलेला डग्ग्याचा किंवा ढोलकीचा घुमारा खराखुरा वर चढतो. तयार पॅडवर मला असा घुमारा कधी मिळाला नव्हता. तो प्रथम ऐकला तेव्हा हे सारे काम सार्थकी लागल्याचा आनंद झाला. एका चकतीला काही शे रुपये पडतात ही तिची खरी उणीव. तीच तत्त्वे व्हेलोस्टॅट या कार्बनमिश्रित काळ्या प्लास्टिकच्या पत्र्याने आणि तांब्याच्या पट्टीने स्वस्तात साधता येतात, फक्त दाब काढल्यावर वाचन मूळ पातळीवर यायला वेळ लागतो.

संबळ आणि हलगी यांच्यासाठी मात्र पिएझोच हवा. पितळी चकतीवर पांढरा सिरॅमिक थर असलेला हा सेन्सर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातही दहावीस रुपयांना मिळू शकतो आणि काठीचा घाव त्याच्याइतक्या तत्परतेने दुसरा कोणताही सेन्सर सांगत नाही. जोराच्या घावाला तो कित्येक व्होल्ट निर्माण करतो, म्हणून त्याला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर, मध्ये एक मालिका रेझिस्टर आणि ५ व्होल्टच्या बोर्डासाठी व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा ५.१ व्होल्टचा झेनर डायोड लावल्याशिवाय तो बोर्डाला जोडू नये. प्रोग्राममध्ये मर्यादा ओलांडल्यावर दोन-तीन मिलिसेकंद थांबून सर्वांत मोठे वाचन घ्यावे, तीच व्हेलॉसिटी. त्यानंतर तीसेक मिलिसेकंद त्या पॅडकडे दुर्लक्ष करावे, म्हणजे एका घावाचे दोन आवाज होत नाहीत. संबळाच्या दोन तोंडांसाठी दोन पॅड एकाच लाकडी फळीवर ठेवले तर एकावरील घाव दुसऱ्यालाही जाणवतो, तेव्हा प्रत्येक पॅड फोमच्या वेगळ्या तुकड्यावर बसवावा. वरच्या आवरणासाठी मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर मला बाजारातील तयार रबरापेक्षा अधिक आवडले, कारण त्यावर काठी योग्य तेवढीच उसळते.

बोर्ड निवडताना आर्डुइनो उनो आर३ च्या मागे लागू नये, कारण त्याची मुख्य चिप यूएसबीवर थेट बोलत नाही. एटीमेगा३२यू४ असलेला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घेतला की तो संगणकाला मिडी उपकरण म्हणून सरळ ओळखू येतो, आणि अँड्रॉइड ६ पासून पुढच्या मोबाइलमध्येही मिडीचा आधार असल्यामुळे ओटीजी तारेने लॅपटॉपशिवाय काम भागते. त्या मोबाइलमधील ध्वनीचा विलंब मात्र आधी वाजवून पाहावा. जुन्या पाच पिनांच्या जोडणीचा वेग सेकंदाला ३१२५० बिट आहे आणि तीन बाइटच्या एका नोटला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे १९८३ ची ती जोडणीही तालाला अपुरी नाही.

चारांपैकी एकच घ्यायचा झाल्यास काठीने वाजवणाऱ्याने पिएझो, हाताने वाजवणाऱ्याने एफएसआर आणि स्वर धरणाऱ्याने एमपीआर१२१ घ्यावा. एफएसआर मागवताना शेपटीला कनेक्टर बसवलेलीच मागवावी, कारण तिच्या प्लास्टिकवर सरळ सोल्डरिंगची इस्त्री टेकली तर ते वितळते आणि महागाची चकती पहिल्याच दिवशी निकामी होते.