महिन्याचा किराणा नागपुरात कुठून भरायचा?

भाच्याला मिहानमध्ये नोकरी लागली, बेसा भागात त्यानं फ्लॅट भाड्यानं घेतला आणि लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला. "मामी, किराणा कुठून भरू? एकच दुकान सांग, दर वेळी डोकं लावायला नको." एकच दुकान काही मला सांगता आलं नाही.

'स्वस्त कोण' हा प्रश्न मी केव्हाच सोडला आहे. सवलत कोणीच फुकट देत नाही. त्या बदल्यात दुकान आपल्याकडून काही ना काही काम करून घेतं. कुठे आपला वेळ लागतो, कुठे लक्ष लागतं, कुठे पारख. ते काम आपल्याला झेपतं का, एवढंच पाहायचं.

डीमार्टला लागतो तुमचा वेळ. पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान निघालं तेव्हापासून यांची रीत फारशी बदललेली नाही. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, त्यामुळे भाड्याचा भार नाही. पुरवठादारांना पैसे लवकर, त्यामुळे माल कमी भावात. जाहिरात जवळपास नाही, पॉइंटांचं कार्ड नाही. एमआरपीवरची सूट रोजचीच, मग महिन्याच्या एक तारखेला जा की वीस तारखेला. हिशेब ठेवायचा कंटाळा असलेल्या माणसाला हे फार सोयीचं. मात्र प्रकार मोजके असतात. अमुकच कंपनीचं लोणचं हवं असेल तर हात हलवत परत या. आणि पगार झाल्यावरच्या रविवारी संध्याकाळी गेलात तर वाचलेले पैसे रांगेत उभं राहून फेडल्यासारखे वाटतात. मधल्या वारी सकाळी जावं. मे महिन्यात दुपारी मात्र गर्दी का असते ते मला ठाऊक आहे: बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत फुकटचा एसी.

रिलायन्सच्या स्मार्ट बाजारला तुमचं लक्ष लागतं. इथे गिऱ्हाईक ओढायची पद्धत जुन्या बिग बाजारच्या वळणाची आहे, आणि त्यात नवल नाही, कारण २०२२ मध्ये बिग बाजारच्या कितीतरी जागा रिलायन्सकडेच गेल्या. २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ते दिन'ला उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना इथला 'फुल पैसा वसूल' सेल ओळखीचाच वाटेल. वर रिलायन्सवन योजनेचे पॉइंट. इथे कागद-पेन्सिल न्यावी. समजा साबणाची एमआरपी ५० आहे. एका दुकानात सरळ आठ टक्के सूट, म्हणजे वडी ४६ला. दुसरीकडे दोनवर एक मोफत, म्हणजे तीन वड्या १०० रुपयांत, एक साधारण सव्वातेहतीसला. हा फरक लहान नाही. साबण, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांत ही ऑफर डोळे मिटून घ्या, खराब होणारी वस्तू नाही. बिस्किटांत घेऊ नका. घरात तीन पुडे आले की तीनच दिवसांत तिन्ही संपतात, हा माझ्या घरचा अनुभव.

मोठं पाकीट स्वस्तच, हाही समज सोडा. एमआरपीजवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा नाहीतर दर किलोचा भाव छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. कधीकधी अर्ध्या किलोची दोन पाकिटं एक किलोच्या पाकिटाहून स्वस्त पडतात.

ब्लिंकिट, इन्स्टामार्ट या झटपट घरपोच माल देणाऱ्या ॲपबद्दल थोडक्यात. पाहुणे दारात आणि दूध नासलं, अशा वेळी यांच्यासारखं कोणी नाही. पण पोहोचवण्याचे, हाताळणीचे आकार धरले की चाळीस रुपयांची वस्तू किती पडते ते बिलाच्या तळाशी बघा. यांचं गिऱ्हाईक आळसावर टिकतं, माझ्याही. आणि हो, एका ॲपवर मी 'सांबार' शोधला तर सांबार मसाल्याची पाकिटं आली. नागपूरकरानं तिथे 'कोथिंबीर'च लिहावं.

आता इतवारीच्या जुन्या घाऊक बाजारातली किराणा ओळ. इथे एसी नाही, ट्रॉली नाही आणि गाडी लावायची म्हणजे तर डोक्याला ताप. मेट्रोनं चितार ओळी चौकात उतरून ई-रिक्षा केलेली बरी. इथे लागते पारख. तूरडाळ तळहातावर घेऊन बघायची, पॉलिश केलेली आहे का, दाणा फुटका किती. जुना तांदूळ की नवा ते विचारायचं. चिन्नोर तांदूळ, भिवापुरी मिरची, जवस, लाखोळीची डाळ यांत जी निवड इथे मिळते ती सुपरमार्केटच्या फळीवर मिळत नाही. वर्षाची बेगमी करायची असेल, कट्ट्यानं, म्हणजे पोत्यानं, डाळ घ्यायची असेल, तर भावही इथे बोलून ठरतो. पण दोनच माणसांच्या घरात महिन्याला दोन किलो डाळीसाठी एवढी यातायात करण्यात अर्थ नाही. शेजारणीसोबत मिळून कट्टा घ्या नि वाटून टाका.

सेवेचा खरा कस लागतो तो चूक झाल्यावर. एका मोठ्या दुकानात फळीवरच्या चिठ्ठीवर तेलाचा एक भाव होता, बिलात दुसराच लागला. मी फळीचा फोटो काढून ठेवला होता. तो दाखवला, फरक परत मिळाला, पण वीस मिनिटं एका काउंटरवरून दुसऱ्यावर फिरले. तेव्हापासून दार ओलांडायच्या आधी बिल वाचते. ऐकलंच नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पिशवीचंही तसंच. काउंटरवर आयत्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये बिग बाजारच्याच प्रकरणात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तरी घरून कापडी पिशवी नेलेली बरी, वाद कोण घालत बसेल.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला यात मी मुद्दाम धरलं नाही. त्याच्याकडे भाव एमआरपीचाच, पण अळी लागलेला रवा तो न कुरकुरता बदलून देतो आणि सुटे नसले तर "उद्या द्या, ताई" म्हणतो. त्याची तुलना टक्क्यांत होत नाही.

भाच्याला सांगितलं ते असं: महिन्याचं ठरलेलं सामान डीमार्टमधून, तेही मधल्या वारी. साबण-पेस्ट वर्षातून दोनदा, स्मार्ट बाजारची मोठी ऑफर लागेल तेव्हा. ॲप फोनमध्ये राहू दे, फक्त त्यावर कार्ड जोडून ठेवू नको. आणि तूरडाळीसाठी एप्रिलात एक सकाळ मोकळी ठेव, इतवारीला मी सोबत येते.