घरी सी-४१ : आठ महिने, २२ रोल आणि हिरव्या सावल्या

लॅबकडून रोल धुऊन यायला तीन-तीन आठवडे लागायला लागले, तेव्हा वैतागून सी-४१चं, म्हणजे रंगीत निगेटिव्ह फिल्म धुवायचं, एक लिटरचं पावडर किट घेतलं. आता तिसरं संपत आलंय. किट चांगलं आहे, पण ते मला पटायला चार महिने गेले.

पहिले दोन रोल झकास निघाले. तिसऱ्यात आईची डाळिंबी साडी विटकरी झाली आणि मागच्या भिंतीवरची सावली शेवाळी. सावलीतला हिरवा काढला की चेहरे गुलाबी, चेहरे सुधारले की सावली परत हिरवी. असं झालं की सॉफ्टवेअरमधले रंगांचे स्लायडर सरकवत बसू नका. फिल्मचे तिन्ही रंगांचे थर सारखे धुतले गेलेले नसतात, आणि तो दोष बहुतेकदा फिल्म धुवायच्या टाकीतला असतो.

माझ्या बाबतीत चोर होता थर्मामीटर. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंश सेल्सिअसला हवा, सव्वातीन मिनिटं. कोडॅकच्या मूळ मापात तर पाव अंश फॅरनहाइटचीच सूट आहे. आता ३७.८ म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट, म्हणजे घरातला ताप मोजायचा थर्मामीटर तपासणीला चालतो! दोन्ही एकाच भांड्यात बुडवले. स्वयंपाकघरातला ३७.८ म्हणत होता, तापाचा ३६.२. शिवाय डिसेंबरात टाकी बाहेर ठेवून हलवली की ती आणखी गार पडायची. आता टाकी आणि बाटल्या गरम पाण्याच्या टबात असतात, आधी फिल्मलाही कोमट पाणी दाखवतो.

एका रोलचे रंग मळकट, दाणा भरड. तो ब्लिक्सचा, म्हणजे डेव्हलपरनंतर फिल्ममधली चांदी काढणाऱ्या रसायनाचा, दोष. ब्लिक्स दमलं होतं, फिल्ममध्ये चांदी उरली होती. ताज्या ब्लिक्समध्ये परत बुडवला, तोही उजेडात, आणि रोल वाचला. डेव्हलपर बिघडला तर मात्र अशी सोय नाही. म्हणून दोघांची फनेल वेगळी ठेवा. ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरमध्ये गेले की तो वाया.

एवढं करूनही काही फोटो हिरवट यायचेच. शेवटी लॅबने धुतलेली एक जुनी, चांगली पट्टी काढली आणि घरच्या रोलसोबत त्याच सेटिंगवर स्कॅन केली. तीही हिरवी! ही पट्टी आता होल्डरशेजारीच असते. ती नीट आली आणि नवा रोल बिघडला, तर टाकीकडे बघायचं. दोन्ही बिघडल्या, तर स्कॅन करणाऱ्या कॅमेऱ्याकडे.

मी कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने स्कॅन करतो. खाली चित्रं ट्रेस करायचं स्वस्तातलं एलईडी पॅनल होतं, ते बदलून ९५ च्या वर सीआरआयचं (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घेतलं. खोलीतली ट्यूब बंद. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स अख्ख्या रोलला एकच, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेमला नवं काहीतरी ठरवतो. व्हाइट बॅलन्स दोन फ्रेममधल्या रिकाम्या नारिंगी पट्टीवर घ्यायचा. तो नारिंगी रंग बिघाड नाही, फिल्ममध्ये मुद्दाम घातलेला असतो. (हे मला आधी कळलं असतं तर एक किट वाचलं असतं.)

दिवाळीच्या रोलचा दोषही मी ब्लिक्सलाच दिला होता, त्याबद्दल मात्र त्याची माफी मागायला हवी. पिवळ्या बल्बखाली दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म वापरली होती, निळ्या थराला प्रकाशच पुरला नव्हता. पुढच्या दिवाळीला लेन्सवर निळा ८०ए फिल्टर लावणार, दोन स्टॉप प्रकाश गेला तरी चालेल.