गंज काढायला लिंबूसत्त्व: वर्षभर वापरल्यानंतर

मागचा पावसाळा संपता संपता नागपूरच्या इतवारी बाजारातून एक किलो लिंबूसत्त्व आणलं. चिवड्याला आंबटपणा यावा म्हणून घालतो तेच सायट्रिक अॅसिड. आता दुसरा पावसाळा लागलाय, म्हणून लिहिते. सुट्या, छोट्या लोखंडी वस्तूंसाठी एक नंबर. कूलरच्या टाकीसाठी अजिबात नको. आणि गंज निघाल्यानंतरचं काम तिथल्या तिथे केलं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

प्रमाण सोपं आहे: एक लिटर कोमट पाण्याला ५० ते ६० ग्रॅम. भांडं प्लॅस्टिकचंच घ्यायचं. वस्तू आधी भांड्याच्या साबणाने घासून तेल-वंगण काढायचं, कारण तेलकट जागी अॅसिड पोचतच नाही. वस्तू पूर्ण बुडाली पाहिजे, नाहीतर पाण्याच्या रेघेवर कायमचा वळ उमटतो. हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो, जुन्या थरांना रात्रभर लागते. त्याहून जास्त ठेवण्यात अर्थ नाही. गंज संपला की अॅसिड चांगल्या लोखंडाकडे वळतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. द्रावणात थोडा धुण्याचा सोडा घातला तर लोखंडाला कमी त्रास होतो, पण तो चिमूट चिमूट घालायचा आणि भांडं मोठं घ्यायचं. फेस भसाभसा वर येतो.

सगळ्यात समाधान दिलं ते घरातल्या जुन्या पान्यांनी. पाण्यात टाकले तेव्हा ते पाने आहेत हे फक्त आकारावरून कळत होतं. सकाळी पाणी हिरवट-पिवळं झालेलं, आणि पान्यांवर काळा, बुळबुळीत थर. जुन्या टूथब्रशने घासला तसा तो शाईसारखा वाहून गेला आणि खालून राखाडी लोखंड आणि त्यावरचे १२-१३ हे आकडे स्पष्ट दिसू लागले. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, विळीचं पातं, कूलरच्या स्टँडचे नट-बोल्ट, सगळ्यांचं असंच झालं.

पण खरी गोम पुढे आहे. अॅसिडातून निघालेलं लोखंड उघडं पडलेलं असतं, त्याच्यावर संरक्षण काहीच नसतं. साध्या पाण्याने धुवायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, लगेच कोरडं करायचं आणि लगेच तेल. यातला ‘लगेच’ महत्त्वाचा. मे महिन्यात आपल्याकडे हे काम आपोआप होतं. पारा ४५ च्या पुढे, गच्चीवर ठेवलेला पाना दहा मिनिटांत हातात धरवत नाही, तसाच गरम असताना मशीनचं तेल चोळलं की झालं. उन्हाळ्यात केलेले पाने आजही स्वच्छ आहेत. पावसाळ्यात केलेल्या बिजागऱ्यांवर मात्र कापडाने पुसता पुसता पिवळट झाक आली होती. दमट हवेत हे होणारच. पावसाळ्यात करायचंच असेल तर पुसून हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि कोमट असतानाच तेल लावा. विळीला अर्थात खायचं तेल.

आता कूलर. टाकीचा पत्रा जीआय असतो, म्हणजे त्यावर जस्ताचा थर असतो. लिंबूसत्त्व गंजाबरोबर ते जस्तही खातं, मग राहिलेला पत्रा दुप्पट वेगाने सडतो. तिथे मी तारेचा ब्रश आणि पॉलिशपेपर मारला, फॉस्फरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं (गंज काळा पडून घट्ट बसतो), मग प्राइमर, मग आतून डांबरी काळा रंग. एक अख्खा उन्हाळा काढल्यावर तळ चांगला आहे, पण पत्र्याच्या जोडावर आणि पाणी सोडायच्या भोकाजवळ तपकिरी डाग परत आले आहेत. बोअरचं पाणी दिवसभर उडत राहतं, क्षार मागे टाकीत साठत जातात, आणि तेच पत्र्याला खातात. रंग कोणताही मारा, आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय इलाज नाही बावा. एक फायदा मात्र झाला: पंपाच्या प्लॅस्टिक जाळीवरची पांढरी खर लिंबूसत्त्वाच्या द्रावणात फसफसून निघते.

हार्डवेअरवाला हटकून म्हणतो, “बाथरूमचं अॅसिड न्या ना ताई, दहा मिनिटांत साफ.” साफ होतं, खोटं नाही. पण त्याची वाफ शेजारी ठेवलेल्या चांगल्या हत्यारांनाही गंजवते, नाका-घशाला होतो तो त्रास वेगळाच. बंद घरात तर नकोच. व्हिनेगर चालतं, पण हळू, आणि घरभर वास.

काय घालू नये तेही सांगते. पितळी मुठीचा अडकित्ता नको, पितळेवर तांब्यासारखी गुलाबी झाक चढते. अॅल्युमिनियम नको. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट नकोत, अॅसिडात निघणारा हायड्रोजन त्यांच्यात शिरून ते ठिसूळ करू शकतो. क्रोम उडत चाललेलं सायकलचं हँडल घातलं तर उरलेलं क्रोमही पापुद्र्यासारखं सुटतं.

भांडं शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर ठेवू नका, एक थेंब सांडला तरी पॉलिश जातं. तेच द्रावण तीन-चार वेळा चालतं. मंदावलं की फसफसणं थांबेपर्यंत सोडा घालून मोरीत ओता, कुंडीत नको. उरलेली पूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळी ओल धरून तिचा दगड होतो. आणि डब्यावर ठळक नाव लिहा. दिसायला ती अगदी साखर आहे.