८,५५० रुपयांचा नांगर आणि मनोरीची खाडी

आधी सगळे पैसे भरा, मग माल पाठवतो म्हणणाऱ्यांचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. तरी होडीच्या नांगरापायी ८,५५० रुपये गेले.

इन्स्टाग्रामवर मासेमारीचं सामान विकणारं एक पान आहे, पत्ता मुंबईतल्या दारूखाना भागाचा. नंतर जाऊन पाहिलं, त्या नावाचं दुकानच तिथे नाही. जाहिरातीत ४ किलोचा स्टेनलेस स्टीलचा, हलत्या फाळांचा (म्हणजे तळात रुतणाऱ्या पात्यांचा) नांगर, २ मीटर साखळी आणि ३० मीटर नायलॉनचा दोर. ७,४०० रुपये. वर १,१५० 'इन्शुरन्स', म्हणे परत मिळणार. हे दुसरं पेमेंट मागितलं की तिथेच थांबा, ब्लॉक करा.

आणि तो व्हिडिओ! वजन दाखवा म्हटलं तर त्यानं नांगर काट्यावर ठेवून दाखवला, आकडा ४.०२. पण साखळीही त्याच काट्यावर होती, नांगराखाली गुंडाळून ठेवलेली. माझ्या डोळ्यांसमोर. मी तो दोनदा पाहिला आणि "ओके भाऊ" लिहून पाठवलं. आता कोणी हसेल, पण नांगराखाली काय ठेवलंय ते कोण बघत बसतं? माणूस आकडा बघतो.

आलेला नांगर दिसायला तसाच, चकचकीत. म्हणून तर खाडीत घेऊन गेलो. माझी होडी हवा भरायची, रबरी, हलकी, तळ पाण्यात जेमतेम, त्यामुळे दुपारचा वारा सुटला की ती वाऱ्यासोबतच पळते. अशा वेळी पाणी ३ मीटर असेल तर दोर २० मीटरच्या आसपास सोडायचा, भरती चढत असेल तर आणखी, आणि बांधायचा पुढच्या टोकालाच. मागून बांधलात तर लाट आत येते. हे सगळं नीट केलं होतं, कोणी मला शिकवू नये. पण नांगर चिखलात रुतेचना. फाळ दांड्याच्या दोन्ही बाजूंना मोकळे हलायला हवेत, तरच ते चिखलात घुसतात. माझ्या नांगराचे सांध्यावर वेल्डिंग करून घट्ट बसवलेले! वरून चंदेरी रंग. दोर नायलॉनचा नव्हताच, पाण्यावर तरंगत होता. होडी सरळ तिवरांकडे. एका नाखवानं ओढून काढलं, नाहीतर तिवराच्या एका खुंटानं रबर फाटलंच असतं.

घरी काट्यावर ठेवला: १ किलो ६०० ग्रॅम. लोहचुंबक लावला, खट्कन चिकटला. चांगल्या स्टेनलेसला असा चिकटत नाही. पार्सल उघडतानाच चुंबक लावा, आणि उघडताना व्हिडिओ काढा.

मग पोलीस ठाणे. पहिला प्रश्न, "होडीची नोंदणी आहे का?" अहो, फसवलं कोणी, चौकशी कोणाची? दुसरे साहेब म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. तिथल्या खिडकीवर सांगितलं, विक्रेता जिथला तिथे अर्ज करा. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. हे मी त्यांना सांगायचं! बँकेचं उत्तर दोन ओळींचं: पिन आपणच टाकलात, व्यवहार वैध. पुन्हा पोलिसांकडे, तर "साहेब बंदोबस्तावर आहेत." अर्जावर शिक्का मिळवायला अख्खी सकाळ गेली, आणि तोही पोच म्हणून नाही, नुसता 'आवक' म्हणून.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन १९१५. उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. आणि काहीही झालं तरी नांगर हातात घेऊन, फाळ हलवून, मगच घ्या.

तुमच्याकडेही असाच वेल्डिंग केलेला चंदेरी नांगर आला असेल तर पेटी, वजनाचा फोटो आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा. ठाण्यातले साहेब म्हणाले, तीनचार जणांनी मिळून अर्ज दिला तर गुन्हा नोंदवायचं बघू.